लियोंमध्ये दोन वर्षांचे वास्तव्य: फ्रेंच जेवण, वाइन आणि तिथले जनजीवन यांचा आस्वाद कसा घ्यावा?

पार्लेकरीण (प्रश्न)

नमस्कार.

नोकरीनिमित्त मी आणि माझे यजमान येत्या ऑगस्टअखेरीस विलेपार्ल्याहून फ्रान्समधील लियों शहरात दोन वर्षांसाठी राहायला जात आहोत. व्हिसा, घरभाडे, विमा यांची व्यवस्था कंपनीने केली असल्यामुळे ते विषय येथे काढत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे.

जाण्याची बातमी कळल्यापासून घरी येणारा प्रत्येक पाहुणा कुकर, भाजणी, गोडा मसाला आणि तिथल्या भारतीयांचा व्हॉट्सॲप गट या चार गोष्टींची आठवण करून देतो. या सल्ल्यात काही गैर नाही, परंतु दोन वर्षे रोज वरणभातच खायचा आणि शनिवार-रविवार आपल्याच लोकांत काढायचे असतील, तर पार्ले सोडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न मला पडतो. तिथले लोक जे खातात ते जाणून खावे, त्यांची वाइन समजून घ्यावी आणि त्यांच्या घरादारात थोडी तरी ये-जा व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

अडचणी तीन आहेत. मी मासे आणि कोंबडी खाते, गोमांस व डुकराचे मांस खात नाही; यजमान शाकाहारी आहेत, पण त्यांना अंडे चालते. वाइनबाबतचे आमचे ज्ञान नाशिकच्या एका सहलीपुरतेच आहे, आणि फ्रेंच बाटलीवरचा मजकूर वाचून आत काय असेल याचा अंदाज मला अजिबात येत नाही. तिसरी अडचण माणसांची आहे. मुंबईच्या आलियान्स फ्रान्सेझमध्ये मी भाषेच्या प्राथमिक पातळ्या पूर्ण केल्या आहेत, तरीही फ्रेंच लोक नवागताला चार हात दूर ठेवतात असे वारंवार ऐकू येते. तिथे प्रत्यक्ष राहून आलेल्यांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

शिवाजीपार्क_कट्टा

माझे लियोंमध्ये काही वर्षे वास्तव्य होते, आता पुन्हा दादरला स्थायिक आहे. तुमच्या प्रश्नात भर पदार्थांवर आहे, परंतु माझ्या मते पदार्थांच्या आधी घड्याळ येते. ज्याने त्यांच्या जेवणाच्या वेळा आपल्याशा केल्या, त्याला पदार्थ, वाइन आणि माणसे या तिन्ही गोष्टी फारसे प्रयत्न न करता भेटतात. ज्याने मुंबईच्या वेळा सोबत नेल्या, तो खवय्यांच्या त्या शहरात राहूनही दुपारी तीन वाजता कुठेतरी बर्गर खात बसतो.

दुपारचे जेवण बारा ते दोन. दोनच्या सुमारास बहुतेक उपाहारगृहांचे स्वयंपाकघर बंद होते आणि रात्रीचे जेवण सात-साडेसातच्या आधी मिळत नाही. दुपारी फळ्यावर खडूने लिहिलेला त्या दिवसाचा बेत मागवावा. तो ताजा असतो आणि रात्रीच्या मानाने बराच स्वस्त पडतो. पाणी विकत घेऊ नये, नळाच्या पाण्याची सुरई मागितली की फुकट मिळते. सेवेचे पैसे बिलात धरलेलेच असतात, त्यामुळे वर काही ठेवणे ऐच्छिक आहे.

कार्यालयातही हेच. आपल्याकडे संगणकासमोर डबा उघडून एका हाताने जेवणे आणि दुसऱ्या हाताने मेल लिहिणे हे कष्टाळूपणाचे लक्षण मानले जाते. फ्रान्सच्या कामगार संहितेत मात्र कर्मचाऱ्यांना कामाच्याच जागी जेवू देण्यास मालकाला मुळात मनाई आहे. तुम्ही डबा अवश्य न्या, पण तो सर्वांबरोबर बसून, वेळ घेऊन खा. तास-सव्वा तासाच्या त्या बैठकीत सहकाऱ्यांची जितकी ओळख होते, तितकी उरलेल्या दिवसभरात होत नाही. २०१० मध्ये युनेस्कोने फ्रेंचांच्या भोजनपद्धतीचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला, तेव्हा एखाद्या पदार्थाची नोंद केली नव्हती. एकत्र जमणे, पदार्थांचा क्रम, वाइनची जोड, मेजाची मांडणी, म्हणजे जेवण्याची अख्खी रीतच तिथे नोंदवली गेली.

बाजारहाटाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मला स्वतःला लियों तिथेच उलगडले. सोन नदीच्या काठी सेंत-आंत्वान धक्क्यावर सोमवार वगळता रोज सकाळी बाजार भरतो, आणि क्रुआ-रूस टेकडीवरचाही प्रसिद्ध आहे. दुकानदाराला आधी ‘बोंझूर’ म्हणावे आणि मगच मागणी सांगावी. हा उपचार वगळणाऱ्याला तिथे उद्धट समजतात. माल स्वतःच्या हाताने निवडू नये. दादरच्या मंडईत टोमॅटो दाबून पाहिल्याशिवाय ज्याचे समाधान होत नाही, त्याला हे फार जड जाते. पण विक्रेता तुमच्या वतीने जे करतो ते पाहण्यासारखे असते. खरबूज मागितले की तो विचारतो, कधी खाणार, आज दुपारी की उद्या रात्री? मग एकेक फळ उचलून तळहातावर तोलतो, देठाभोवतीची सुटत आलेली चीर अंगठ्याने चाचपतो, दुसऱ्या टोकाचा वास घेतो आणि त्यातून तुमच्या दिवसाचे फळ काढून देतो. चीजच्या दुकानातही हाच प्रश्न होतो, कारण सें-मार्सलें हे जवळच्याच दोफिने प्रांतातले चकतीएवढे चीज आज खायचे असेल तर पातळ होऊन ओघळू लागलेले देतात आणि तीन दिवसांनी खायचे असेल तर घट्ट. ख्यातनाम आचारी पोल बोकूझ यांच्या नावाचे झाकलेले मार्केट एकदा जरूर पाहा, पण रोजची खरेदी तिथे परवडणार नाही.

लियोंची खासियत म्हणजे ‘बूशों’ ही लहानशी, गजबजलेली खाणावळ. शहराची ही कीर्ती पुरुष आचाऱ्यांच्या आधी बायकांनी उभारली, हे आवर्जून सांगायला हवे. श्रीमंत घरांतील स्वयंपाकिणींनी पुढे स्वतःच्या खाणावळी काढल्या, त्यांना ‘मेर’ म्हणजे आई म्हणत. त्यांपैकी युजेनी ब्राझिए यांनी १९२१ मध्ये आपले उपाहारगृह उघडले आणि १९३३ मध्ये एकाच वेळी दोन उपाहारगृहांना मिशलॅं या खाद्यमार्गदर्शिकेचे तीन-तीन तारे मिळवणारी पहिली व्यक्ती होण्याचा मान मिळवला. बोकूझ त्यांच्याच हाताखाली शिकले.

बूशोंमध्ये डुक्कर आणि आतडी यांचा सुळसुळाट असतो, त्यामुळे तुम्ही आंदुयेत आणि ताब्लिए द सापर या दोन नावांपासून दूर राहा. तुमच्यासाठी ‘कनेल’ आहे: नदीतल्या पाइक माशाचा लगदा, अंडी, लोणी यांचा फुगवलेला मऊ गोळा, नांतुआ पद्धतीच्या, झिंग्यासारख्या गोड्या पाण्यातील एक्रविसच्या रश्श्यात भाजलेला. कोंबडी खात असाल तर ब्रेसची खा. लियोंच्या ईशान्येला असलेल्या त्या प्रदेशातील पांढऱ्या पिसांच्या, निळसर पायांच्या आणि लाल तुऱ्याच्या कोंबडीला १९५७ पासून कायद्याने नामसंरक्षण आहे. महाग असते, म्हणून सणासुदीलाच आणावी आणि मसाल्याशिवाय, साय घालूनच शिजवावी. त्या कोंबडीचे सुके करणे हा मला तरी अपराध वाटतो.

थोडे विषयांतर. मोंप्लेझीर भागात ल्युमिएर बंधूंचा वाडा आणि कारखान्याची जागा आहे. १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण त्यांनी येथेच केले आणि ७ जुलै १८९६ रोजी त्यांचे चलत्पट आपल्या काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले. मुंबईच्या माणसाने ती गल्ली पाहिल्याशिवाय परत येऊ नये. दर ऑक्टोबरमध्ये तिथे जुन्या चित्रपटांचा महोत्सव भरतो, तिकिटे लवकर संपतात.

मुलुंडची_सुगरण

वरील प्रतिसाद वाचनीय आहे, पण पार्लेकरीणताईंच्या यजमानांच्या पानात अजून काहीच पडलेले नाही, म्हणून मी लिहिते. मी अंडे खाणारी शाकाहारी आहे आणि फ्रान्समध्ये संसार केला आहे.

‘मी शाकाहारी आहे’ एवढे सांगून भागत नाही. मांस नाही म्हटल्यावर मासा आणून देणारे वाढपी आजही भेटतात, म्हणून मांस नाही, मासा नाही, डुकराच्या चरबीचे तुकडे नाहीत, असे एकेक सांगावे. ‘लार्दों’ म्हणजे हे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे. ते लियोंच्या प्रसिद्ध सॅलडमध्ये असतात, लोरेन पद्धतीच्या कीशमध्ये असतात, आणि यादीत उल्लेख नसताना मसूरीच्या सॅलडमध्येही सापडतात. भाज्यांच्या सारात कोंबडीचे किंवा गोमांसाचे पाणी नाही ना, हे विचारावे. थंडगार मूस आणि जेलीदार गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते. चीजबाबत तुमचे यजमान किती काटेकोर आहेत हे त्यांनीच ठरवावे, कारण नामसंरक्षित पारंपरिक चीज बहुधा वासराच्या जठरातील रेनेट वापरूनच विरजतात. वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटची चीज सुपरमार्केटात मिळतात, पण वेष्टन वाचावे लागते.

आता खाण्यासारखे काय, ते सांगते. ‘ग्रातॅं दोफिन्वा’ हा बटाट्याच्या पातळ चकत्या साय, दूध आणि लसूण घालून मंद आचेवर भाजलेला पदार्थ लियोंच्या आसपासचाच आहे. ‘सेर्व्हेल द कान्यू’ हे नाव ऐकून घाबरू नका. त्यात मेंदूबिंदू काही नसून, चक्क्यासारख्या ताज्या चीजमध्ये हिरवी पात, लहान कांदा, लसूण, तेल आणि व्हिनेगर घोटलेले असते. रेशीम विणणाऱ्या कष्टकऱ्यांचे ते खाणे होते आणि पावाबरोबर अप्रतिम लागते. कुठलेही क्रेप घर दिसले की बकव्हीटच्या (कुट्टूच्या) पिठाची ‘गालेत’, म्हणजे खारे धिरडे, मागवावी, चीज-अंडे-मशरूम घालून देतात. प्युईची हिरवी मसूर घरी आणून ठेवावी, ती शिजल्यावरही अखंड राहते. दक्षिणेकडे गेलात तर नीसची सोका चाखावी. ते बेसनाच्या पिठाचेच धिरडे असून मोठ्या परातीत भट्टीत भाजतात, वर फक्त मिरपूड. आमच्याकडे सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी पहिला फ्रेंच पदार्थ तोच आनंदाने खाल्ला, आणि लगेच ओवा हवा होता, असेही सुनावले.

पाव घेताना ‘त्रादिस्यों’ असे सांगूनच ‘बागेत’ हा लांबट फ्रेंच पाव घ्यावा. १९९३ च्या नियमानुसार त्या पावात पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण यांना मुख्य स्थान असून संरक्षक रसायने चालत नाहीत, शिवाय पीठ कोणत्याही टप्प्यावर गोठवता येत नाही. सकाळी घेतलेला पाव रात्री वातड होतो, म्हणून लोक दिवसातून दोनदा जातात.

बोरिवली_जलद

सर्वांचा आदर राखून थोडा वेगळा सूर लावतो.

कुकर न्याच. पाचच्या सुमारास सूर्य मावळणाऱ्या डिसेंबरच्या संध्याकाळी, दिवसभर परकी भाषा ऐकून डोके शिणलेले असताना, माणसाला ग्रातॅं नको असतो, आमटीभात हवा असतो, आणि त्यात संस्कृतीशी प्रतारणा वगैरे काही नाही. लियोंच्या गियोतियेर भागात आशियाई आणि आफ्रिकी दुकाने आहेत. डाळी, कोथिंबीर, मिरच्या तिथे मिळतील. भाजणी आणि गोडा मसाला मात्र येथूनच न्यावा लागेल.

दुसरे असे की, चांगले खाल्ल्याने मित्र मिळतात हे मला पटत नाही. आमच्या गल्लीतील पाववाली रोज हसून बोलत असे, तरी ती ओळख दुकानाच्या दारापलीकडे कधी गेली नाही, आणि जाण्याचे कारणही नव्हते. तिथे मैत्री होते ती संस्थांमधून. १९०१ च्या कायद्याखाली नोंदवलेल्या संस्था गावोगाव आहेत: समूहगान, पदभ्रमण, कुंभारकाम, बुद्धिबळ, भाजीपाल्याचा सामायिक वाफा, वाटेल ते. सप्टेंबरच्या आरंभी बहुतेक नगरपालिका या संस्थांचा मेळावा भरवतात आणि वर्षभराची नावनोंदणी तिथेच होते. तुम्ही ऑगस्टअखेर पोहोचत आहात, ही वेळ साधून आली आहे. सामान लावण्यात तो मेळावा चुकवू नका, नाही तर पुष्कळ ठिकाणी पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबावे लागेल. मी सह्याद्रीत ट्रेकिंग करणारा, त्यामुळे तिथे पायी भटकणाऱ्यांच्या एका मंडळात गेलो. डोंगरावर चार तास सोबत चालल्यावर न्याहारीच्या वेळी ज्याने आपल्या पिशवीतून चीजचा तुकडा आणि चाकू काढून माझ्यापुढे धरला, त्याच्या घरी मी आजही उतरतो.

द्राक्षवेल

मी मुंबईतील हॉटेल व्यवसायात वाइनसेवेचे काम करतो आणि प्रशिक्षणासाठी फ्रान्समध्ये राहिलो आहे. वाइनपुरतेच लिहितो.

नाशिकच्या बाटलीवर द्राक्षाचे नाव ठळक असते, फ्रेंच बाटलीवर बहुधा गावाचे किंवा प्रदेशाचे असते, आणि त्या गावात कोणते द्राक्ष लावायचे हे नियमाने ठरलेले असते. १९३५ मध्ये ही नामसंरक्षणाची पद्धत कायद्याने रूढ झाली. एवढे ध्यानात आले की निम्मे कोडे सुटते. सगळा फ्रान्स पाठ करण्याची गरज नाही. लियोंच्या उत्तरेला बोजोले आणि दक्षिणेला उत्तर ऱ्होन, एवढे दोन प्रदेश आधी मनापासून प्या.

बोजोलेची तांबडी वाइन गामे या द्राक्षाची. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी त्या वर्षीची नवी वाइन बाहेर येते, तिचा उत्सव मजेचा असतो, पण त्यावरून प्रदेशाची परीक्षा करू नका. फ्लरी, मोर्गों, मूलॅं-आ-व्हां अशी १० मानाची क्षेत्रे आहेत. फ्लरी नाजूक, मूलॅं-आ-व्हां भारदस्त आणि काही वर्षे ठेवून पिण्याजोगी. ही वाइन किंचित थंड, १३-१४ अंशांच्या आसपास प्यावी. बूशोंमध्ये ती ‘पो’ नावाच्या जाड बुडाच्या ४६ सेंटीलिटरच्या बाटलीत भरून आणतात. दोघांना पुरते आणि अख्ख्या बाटलीचे ओझे होत नाही. दक्षिणेकडे कोत-रोटीत सिरा हे द्राक्ष, म्हणजे आपल्याकडे ज्याला शिराझ म्हणतात तेच, आणि कोंद्रिएत फक्त व्हियोनिए. दोन्ही महाग आहेत. रोजच्यासाठी त्याच पट्ट्यातील क्रोझ-एर्मिताझ किंवा सें-जोझेफ बघावी.

नाशिक पाहिलेल्यांना एक गोष्ट गमतीची वाटेल. आपल्याकडे वेलीची एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी होते, कारण वेल झोपतच नाही, आणि काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. फ्रान्समध्ये थंडीत वेल पूर्ण सुप्त होते, छाटणी एकदाच, काढणी साधारण सप्टेंबरमध्ये. तुम्ही पोहोचाल तेव्हा बोजोलेच्या उतारांवर काढणीची गडबड असेल. एखाद्या रविवारी अवश्य जाऊन या. गाडी चालवणाऱ्याने मात्र जपावे, रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम ही मर्यादा आहे आणि तपासणी कडक असते. चव घेऊन थुंकण्यासाठी भांडे ठेवलेले असते, ते वापरण्यात कसलीही लाज नाही.

वाइन विकणाऱ्या छोट्या दुकानात, म्हणजे काव्हिस्तकडे, जाऊन ताकाला जाऊन भांडे लपवू नका. ‘दहा युरोंपर्यंत हवी, रात्री मासा करणार आहे, मसाला तिखट आहे’ असे स्पष्ट सांगा. बांगड्याच्या कुळातील त्यांचा माक्रो तव्यावर परतणार असाल तर मुस्कादे ही कोरडी पांढरी वाइन चालेल. तिखट रस्सा असेल तर आल्सासची किंचित गोडसर रीसलिंग किंवा गेव्हुर्त्सट्रामिनर घ्या. तिखटावर जड तांबडी वाइन घेतली की जीभ दुप्पट भाजते.

यजमान घेत नसतील तरी बिघडत नाही. नको म्हटल्यावर आग्रह होत नाही, निदान मला तसा अनुभव नाही.

पार्लेकरीण

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संस्थांच्या मेळाव्याची तारीख आताच शोधून ठेवते, आणि कुकरही घेतला आहे.

एक उपप्रश्न. माझ्या भावी विभागप्रमुख बाईंनी आम्ही पोहोचल्यावर घरी जेवायला बोलावले आहे. किती वाजता जावे, काय न्यावे आणि मेजावर काय सांभाळावे? पुढे आम्ही त्यांना बोलावल्यास आपले जेवण कसे वाढावे?

शिवाजीपार्क_कट्टा

आठ म्हटले असेल तर सव्वाआठला पोहोचा. आठच्या आधी कधीही जाऊ नका, आणि मुंबईच्या हिशेबाने नऊलाही नको. तुमचे यजमान शाकाहारी आहेत आणि तुम्ही दोन मांसे खात नाही, हे आधीच एका ओळीत कळवा. तिथे ते असभ्य नव्हे, उलट ऐनवेळी सांगणे बाईंना अवघडवून टाकेल. तुम्ही नेलेली वाइन त्याच रात्री उघडतील असे नाही, कारण जेवणाला साजेशी त्यांनी आधीच निवडलेली असते. मुंबईहून डबाभर चांगली काजूकतली नेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मेजावर दोन्ही मनगटे वर दिसू द्यावीत, पाव ताटलीत न ठेवता तिच्या शेजारी कापडावर ठेवावा आणि हाताने तोडून खावा. चीजचे तबक गोड पदार्थाच्या आधी फिरते. ब्रीसारख्या त्रिकोणी तुकड्याचे टोक कापून घेऊ नये, लांबीने काप काढावा म्हणजे मधला मऊ भाग आणि कडा सर्वांच्या वाट्याला येतात. ते तबक बहुधा एकदाच फिरते, तेव्हा हवे ते पहिल्या फेरीतच घ्या.

तुम्ही बोलावाल तेव्हा सगळे पान एकदम वाढू नका. आधी कोथिंबीरवडी किंवा बटाटेवडे आणि त्यासोबत गप्पा, मग भात-रस्सा-भाजी, त्यानंतर थोडे त्यांचे चीज, शेवटी श्रीखंड, असा क्रम ठेवलात तर त्यांना जेवणाची लय ओळखीची वाटेल. तिखट निम्मे करा आणि मिरचीचा ठेचा वेगळ्या वाटीत ठेवा. कोणीतरी तो धाडसाने घेतोच.

आणि फुले न्यायचीच असतील तर शेवंती सोडून काहीही न्या. नोव्हेंबरच्या आरंभी तिथे लोक शेवंतीच्या कुंड्या कबरींवर ठेवतात.

मुलुंडची_सुगरण

काजूकतलीला वर्ख असतो. तो खायचाच असतो हे सांगा, नाही तर बाई चमच्याने खरवडून काढत बसतील.